खडूचा समुद्र

समुद्र म्हटला की आम्हां सावरगावकरांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो नकाशातील निळा रंग. आमच्या गावास नदी आहे. तिचे नाव जाम. तिच्या एका तीरावर आम्ही, दुसऱ्या तीरावर पांढुर्णा. आमच्या शिवारात संत्र्याच्या बागा आहेत. परंतु भरती, ओहोटी, नांगर, दीपस्तंभ हे सारे शब्द आम्हांस पाठ्यपुस्तकानेच शिकविले. अशा गावातील दहावीच्या सहा विद्यार्थ्यांनी, चार मुलगे व दोन मुली यांनी, आरमारी युद्धाचा खेळ रचावयास घ्यावा हे ऐकून कोणास हसू आले, तर आम्ही त्यास बोल लावणार नाही. ज्याने विहीर सोडून दुसरे खोल पाणी पाहिले नाही, त्याने विनाशिका आणि क्षेपणास्त्रे यांच्या गोष्टी कराव्यात, हे थोडे विनोदीच आहे. पण वाचकहो, हा विनोद आम्हांस वर्षभर पुरला, आणि त्यातून जे शिकावयास मिळाले ते केवळ विनोदाचे नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

खेळ ही मोठी विलक्षण वस्तू आहे. बुद्धिबळाच्या पटावर उंट तिरपा चालतो. खरा उंट तसा चालत नाही हे सर्वांस ठाऊक असूनही त्याविषयी कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. कारण बुद्धिबळ आपण खऱ्या युद्धासारखे आहो असा आव आणीत नाही. परंतु जो खेळ 'मी युद्धाची प्रतिकृती आहे' असे म्हणतो, त्याला ही सवलत मिळत नाही. त्याने एखादे जहाज बुडविले की बघणारा लगेच विचारतो, "खऱ्या समुद्रावर असे घडले असते काय?" आणि त्याने ते बुडविले नाही, तरी तोच प्रश्न! संगणकावर असे खेळ पुष्कळ आहेत आणि आम्ही ते खेळलोही आहो. पण तेथे सारे नियम यंत्राच्या पोटात दडलेले असतात. जहाज का बुडाले हे यंत्रास विचारण्याची सोय नाही. म्हणून आम्ही यंत्र बाजूस सारले आणि शाळेच्या पडवीतील फरशीवर खडूने समुद्र आखला. काड्यापेट्यांची जहाजे झाली, काड्यांची क्षेपणास्त्रे झाली, आणि दैवाचे काम सापशिडीच्या पेटीतील फाशाने पत्करले.

फरशीवरील समुद्राची ही कल्पना पोरकट वाटली, तर इतिहासाकडे पाहावे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या ब्रिटनची मालवाहू जहाजे बुडवीत असता, १९४२ च्या जानेवारीत लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या नेतृत्वाखाली एक पथक स्थापन झाले. मोठ्या दालनाची जमीन हाच तेथील समुद्र होता. त्यावर खडूने जहाजांचे मार्ग रेखाटीत आणि चिमुकली जहाजे सरकवीत. हे काम करणाऱ्या बहुतेक तरुणी होत्या, आणि त्यांच्या खेळातून निघालेल्या युक्त्या अटलांटिक महासागरावरील अनुभवी कप्तान शिकून जात. खेळणाऱ्यास सारा पट दिसू नये म्हणून कापडी पडदे लावलेले असत व त्यांतील झरोक्यांतून दिसेल तेवढेच पाहावयाचे, असा दंडक होता. ही हकिगत गुरुजींनी सांगितली, त्याच दिवशी आमच्यातील दोघींनी घरून जुन्या चादरी आणल्या. खऱ्या युद्धात शत्रू कोठे आहे हे न कळणे हीच अर्धी लढाई असते. ते अज्ञान आमच्या पडवीत प्रथम आले ते या चादरींच्या रूपाने.

आता आमच्या मूळ वादाकडे वळतो. क्षेपणास्त्र बलवान मानावे की जहाजाचा बचाव बलवान मानावा, हा तो वाद. प्रारंभी आम्ही सोपा नियम केला होता. क्षेपणास्त्र सुटले की ते लागलेच. परिणाम असा झाला की, ज्याचा डाव आधी तो विजयी. मग काही जणांच्या आग्रहावरून नियम उलटा फिरविला आणि जहाजास बचावासाठी इतके सामर्थ्य दिले की, दोन तास खेळूनही एक काडीपेटी जागची हलेना. पहिला खेळ दोन मिनिटांत संपे, दुसरा संपता संपत नसे. दोन्ही बाजूंस आपल्या मताविषयी यत्किंचितही शंका नव्हती, आणि विशेष म्हणजे दोन्ही बाजूंकडे इतिहासाचा दाखला होता.

क्षेपणास्त्राचा पक्ष १९६७ व १९७१ या सालांचे बोट धरून उभा होता. १९६७ च्या २१ ऑक्टोबरला इजिप्तच्या लहानशा नौकांनी पोर्ट सैदनजीक रशियन बनावटीची क्षेपणास्त्रे सोडून इस्राएलची 'एलात' ही विनाशिका बुडविली. जहाजावरून जहाजावर सोडलेल्या क्षेपणास्त्राने युद्धनौका बुडाल्याचा हा पहिलाच प्रसंग. जगातील आरमारे हादरली. त्याच जातीची क्षेपणास्त्रे आपल्या नौदलाने घेतली होती. १९७१ च्या ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन छोट्या नौका कराचीवर चालून गेल्या. पाकिस्तानची 'खैबर' ही विनाशिका व 'मुहाफिज' ही सुरुंग काढणारी नौका त्या रात्री बुडाली, बंदरातील तेलाच्या टाक्या पेटल्या, आणि आपली एकही नौका गमावली नाही. 'खैबर'वरील लोकांना हल्ला कशाने झाला हेदेखील उमगले नाही. आपल्यावर विमाने आली अशीच त्यांची समजूत झाली. आपण ४ डिसेंबर हा नौदल दिन पाळतो तो याच रात्रीच्या स्मरणार्थ. "मग सांगा," क्षेपणास्त्र-पक्ष विचारी, "बचाव कोठे होता?"

बचाव-पक्षाचे उत्तर १९७३ सालचे होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लाताकिया बंदरासमोर सीरिया व इस्राएल यांच्या नौका एकमेकींस भिडल्या. सीरियाकडे तीच रशियन क्षेपणास्त्रे होती आणि त्यांचा पल्ला इस्राएली क्षेपणास्त्रांच्या सुमारे दुप्पट होता. तरीही त्यांतील एकही निशाणास लागले नाही. सहा वर्षांपूर्वीच्या घावाने शहाण्या झालेल्या इस्राएली नौकांनी धातूच्या बारीक पट्ट्यांचे ढग आकाशात उडविले, खोट्या रडारलहरी सोडल्या, आणि आंधळी झालेली क्षेपणास्त्रे भलतीकडेच गेली. त्या रात्री सीरियाच्या पाच नौका बुडाल्या. दूरवर फेकणाऱ्यावर चकविणाऱ्याने मात केली. एकच अस्त्र, १९७१ साली ते सर्वशक्तिमान, १९७३ साली निरुपयोगी! आता नियम कोणत्या सालाचा धरावा?

हा तंटा अखेर गणिताच्या गुरुजींपुढे गेला. गुरुजींनी निवाडा दिला नाही. फळ्यावर एक उदाहरण घातले. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलातील कॅप्टन वेन ह्यूज यांनी क्षेपणास्त्रयुद्धासाठी एक समीकरण मांडले आहे. ते इतके सोपे आहे की आठवीच्या विद्यार्थ्यासही सुटावे. शत्रूने सोडलेल्या क्षेपणास्त्रांतून आपण अडविलेली क्षेपणास्त्रे वजा करावयाची. उरलेल्यांना, एक जहाज निकामी करण्यास जितके घाव लागतात त्या संख्येने भागावयाचे. भागाकार म्हणजे आपली हानी.

गुरुजी म्हणाले, "समजा, दोन्हीकडे तीन तीन जहाजे आहेत. प्रत्येक जहाज चार क्षेपणास्त्रे सोडते, आणि दोन घावांत जहाज निकामी होते. आता प्रत्येक जहाज चार क्षेपणास्त्रे अडवू शकत असेल तर काय होईल?"

बारातून बारा गेले. हानी शून्य.

"आणि तीनच अडवली तर?"

बारातून नऊ गेले, तीन उरले. दोनने भागता दीड जहाज.

"आणि दोनच?"

बारातून सहा गेले. सहाला दोनने भागले. तिन्ही जहाजे संपली!

वर्गात क्षणभर शांतता पसरली. अडविण्याची शक्ती चाराची दोन झाली एवढ्याने काहीच हानी नसलेल्या आरमाराचे काहीच उरत नव्हते. आमचा खेळ कधी दोन मिनिटांत का संपे आणि कधी संपतच का नसे, याचा उलगडा झाला. दोन्ही पक्षांचे नियम खोटे नव्हते. ते एकाच तराजूच्या दोन पारड्यांत बसले होते, आणि तो तराजू इतका हळवा होता की एका काडीने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत कलंडावा. अशा तराजूवर समतोल साधणे म्हणजे मधला आकडा शोधणे नव्हे. तो आकडा खऱ्या समुद्रावर कशाने बदलतो हे शोधणे आवश्यक होते.

पहिले उत्तर भूमितीत सापडले. पृथ्वी गोल आहे हे आपण परीक्षेत लिहितो, पण त्याचा इतका निकट संबंध जहाजाच्या आयुष्याशी असेल असे आम्हांस वाटले नव्हते. पाण्यापासून वीस मीटर उंचीवर बसविलेल्या रडारला, लाटांवरून पाच मीटर उंचीने येणारे क्षेपणास्त्र दिसते ते सुमारे सत्तावीस किलोमीटरांवर. त्यापलीकडे ते क्षितिजाच्या आड असते. सेकंदास तीनशे मीटर वेगाने येणाऱ्या क्षेपणास्त्राला हे अंतर तोडण्यास दीड मिनिट लागते. भारत व रशिया यांनी मिळून बनविलेल्या ब्रह्मोससारख्या, ध्वनीच्या पावणेतीनपट वेगाच्या अस्त्राला अर्धे मिनिट पुरते. तेव्हा आम्ही एक डाव अर्ध्या मिनिटाचा धरला. मंद क्षेपणास्त्र चादरीआडून निघाल्यावर बचावास तीन डाव मिळतात; वेगवान असेल तर एकच.

दुसरे उत्तर माणसाच्या स्वभावात सापडले. १९८२ च्या ४ मे रोजी फॉकलंड बेटांच्या युद्धात ब्रिटनची 'शेफील्ड' ही आधुनिक विनाशिका एका एक्झोसेट क्षेपणास्त्राने पेटली व पुढे सहा दिवसांनी बुडाली. वीस जणांचे प्राण गेले. १९८७ च्या १७ मे रोजी इराणच्या आखातात 'स्टार्क' या अमेरिकी नौकेवर दोन एक्झोसेट आदळली आणि सदतीस खलाशी मृत्युमुखी पडले. या दोन्ही जहाजांवर बचावाची साधने होती. पण घाव बसेपर्यंत ती कामास लागलीच नाहीत. ढाल घरात खुंटीला असून उपयोग नाही, ती हातात असावी लागते. म्हणून आमच्या खेळात बचावाच्या फाशाआधी जागरूकतेचा फासा आला. प्रथम जहाज सावध आहे की नाही हे फाशाने ठरते. सावध नसेल, तर त्या डावात त्याचा बचाव शून्य. एखाद्या जहाजास सलग सहा डाव सावध राहावे लागले की खलाशी थकतात, आणि हा फासा अवघड होतो. १९७१ चे कराची आणि १९७३ चे लाताकिया हे दोन्ही या एका नियमात सामावले. आपल्यावर काय येणार आहे हे जो जाणत नव्हता तो बुडाला. जो जाणून तयार होता तो तरला.

तिसरा नियम दारूगोळ्याचा. अडविणाऱ्या काड्या प्रत्येक जहाजास मोजून आठ दिल्या. १९२३ साली नव्हे, तर अगदी अलीकडे २०२३ च्या ऑक्टोबरापासून तांबड्या समुद्रात युद्धनौकांनी कितीतरी क्षेपणास्त्रे व ड्रोन पाडले. पण पाडणाऱ्याची कोठी अक्षय्य नसते आणि भर समुद्रात ती भरून घेणे सोपे नसते. चौथा नियम आगीचा. घाव बसला की जहाज एकदम बुडत नाही, ते जळू लागते. शेजारचे जहाज मदतीस गेले तर ते वाचू शकते, मात्र मदत करणारे स्वतः उघडे पडते. हा नियम सुचला तो २०२४ च्या जानेवारीतील घटनेवरून. एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळून आग लागली. त्यावर बावीस भारतीय खलाशी होते. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आपली 'विशाखापट्टणम' ही विनाशिका धावून गेली, आणि तिच्या अग्निशामक पथकाने ती आग विझविण्यास मदत केली.

एवढे झाल्यावर खेळ उत्तम चालू लागला. चाली विचारपूर्वक होऊ लागल्या. तरीही आमच्यातील एका मुलीस त्यात काहीतरी उणे वाटे. ती म्हणाली, "जहाज बुडाले की आपण पेटी उचलून दप्तरात टाकतो. त्यात माणसे होती ना?" त्यावर कोणी उत्तर दिले नाही. १९७१ च्याच युद्धात, ९ डिसेंबर रोजी, पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळ आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडविली. तीवरील अठरा अधिकारी व एकशे शहात्तर खलाशी तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडण्याचे नाकारले. तेव्हा त्या मुलीच्या सूचनेवरून आम्ही प्रत्येक काडीपेटीवर शाईने खलाशांची संख्या लिहिली. जहाज बुडाले की ज्याने ते बुडविले त्याने ती संख्या पाटीवर स्वतःच्या हाताने लिहावयाची आणि डाव संपेपर्यंत पुसावयाची नाही. या नियमास गुणांची किंमत काहीच नव्हती. तरी त्या दिवसापासून खेळणारे बदलले. हरता डाव शेवटच्या जहाजापर्यंत रेटणारे आता वेळीच मागे फिरू लागले. जळत्या जहाजाकडे, मग ते कोणाचे का असेना, मदत जाऊ लागली.

येथवर वाचून आमच्या गावचा वाचक मनात म्हणेल की, पोरांनो, क्षेपणास्त्रे शिकावयास तुम्हांला कराचीस जाण्याचे काय प्रयोजन होते? त्याचे म्हणणे रास्त आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात जे घडते ते साऱ्या देशास ठाऊक आहे. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात. पांढुर्ण्याचे लोक तो घ्यावयास येतात, आम्ही सावरगावकर राखतो, आणि दोन्ही तीरांवरून दगडांचा वर्षाव होतो. नदी ओलांडून पळून जाणाऱ्या एका प्रेमी युगुलाची कथा त्यामागे सांगतात. मुलगी सावरगावची, मुलगा पांढुर्ण्याचा, आणि दोन्हीकडच्या दगडांनी ती दोघे पात्रातच गतप्राण झाली. झाड पडले की वैर संपते आणि झेंडा चंडीमातेच्या चरणी अर्पण होतो. हीच आमची गोटमार.

फळ्यावरचे समीकरण पाहिले तेव्हा आमच्यातील एकाने हळूच आपल्या काकांची गोष्ट सांगितली. त्यांच्या कपाळावर भुवईच्या वर एक खोल व्रण आहे. ते नेहमी म्हणतात, "दिसलेला दगड कधी लागत नाही रे बाबा. एक चुकवावा, तोवर दुसरा येतो, तो लागतो." कॅप्टन ह्यूज यांना जे सांगण्यास समीकरण लागले, ते काकांनी एका वाक्यात सांगितले होते. एक क्षेपणास्त्र अडविता येते. एकाच वेळी चहूंकडून आलेली अडवीत नाहीत. आणि त्या बचावात हातून सुटलेला तो एक दगड कोणाच्या तरी घरी कायमचा जातो. गोटमारीत दरवर्षी शेकडो जखमी होतात. काहींचे प्राणही गेले आहेत. लोकांच्या श्रद्धेची थट्टा करावी असे आमच्या मनातही नाही. आम्ही याच मातीतले, आणि झेंडा वाचला की आमचीही छाती फुगते.

प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. पण लोक पुन्हा दगडांकडेच वळले. या गोष्टीचा आम्ही पुष्कळ विचार केला. चेंडूंनी माणूस सुरक्षित झाला, पण खेळणाऱ्यास तो खेळ खोटा वाटला. आमच्या दोन तास चालणाऱ्या, कोणीच न बुडणाऱ्या खेळाचेही तेच झाले होते. ज्यात काहीच पणास लागत नाही, त्यात मन रमत नाही. मग पणास काय लावावे? गोटमार रक्त लावते. आम्ही पाटीवर खडूने एक संख्या लिहिली, आणि आश्चर्य असे की तेवढ्याने पुरले. कोणाच्या कपाळाला खोक न पडता खेळणाऱ्याचा हात डाव टाकताना थबकू लागला. खरेपणा दगडाच्या वजनातच असतो असे नाही. दगड ज्याला लागणार त्याची आठवण ठेवण्यातही तो असू शकतो, असे आम्हांस या खेळाने शिकविले. जामच्या तीरावर हे कसे आणावे ते आम्हां सहाजणांच्या आवाक्याबाहेरचे आहे. तथापि, मोठ्या माणसांनी एकत्र बसून, झेंडा, पळस, चंडीमाता आणि दोन्ही गावांची ईर्ष्या तशीच राखून, दगडाच्या जागी दुसरा कोणता पण लावता येईल याचा विचार करावा, एवढी नम्र विनंती आम्ही या अंकाच्या द्वारे करतो. रबरी चेंडू फसला म्हणून शोध थांबवू नये. आम्हीसुद्धा फासा सात वेळा बदलला.

आता आम्ही शाळा सोडून जाणार. आमची नियमांची वही, चोवीस काड्यापेट्या आणि दोन चादरी आम्ही नववीच्या वर्गाकडे सोपवीत आहोत. बंधुभगिनींनो, आमच्या नियमांत अजून पाणबुडी नाही, विमान नाही, वादळ नाही. ती तुम्ही घाला. क्षेपणास्त्र जड वाटले तर हलके करा, बचाव दुबळा वाटला तर बळकट करा. तराजू किती हळवा आहे ते तीन जहाजांचे उदाहरण सोडवून आधी पाहा, म्हणजे भांडणे थोडी कमी होतील. पेट्यांवरील शाई पुसट झाली असेल, तर खलाशांची संख्या तेवढी पुन्हा गिरवून घ्या.